हवा न भरलेले पाच टायर

सात रस्ता, सोलापूर
१२ सप्टेंबर २०२५

चि. अक्षता हिस अप्पाचे शरणु शरणार्थी.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडणार असशील तर आधी एवढं वाच: लोखंडी रिम घे, अलॉय घेऊ नकोस. आता फाड.

फाडलं नसशील तर पुढचं सांगतो. काल संगमेश दुकानात आला होता. विम्याचं काम आहे म्हणतो, पण माझा चहा पिण्यापलीकडे त्याचं काम मी पाहिलेलं नाही. त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "काका, तुमच्या लेकीनं काय विचारलंय बघा की." जीपवाल्यांच्या कुठल्या ग्रुपवर तुझा प्रश्न होता. जुनी जिप्सी, चौदा डिसेंबरला टेंभुर्णीजवळ माळावर हौशी लोकांची ऑफ-रोड शर्यत, पाच रिम आणि पाच टायर मिळून चाळीस हजार, काय घेऊ? खाली त्रेसष्ट उत्तरं. त्यातली एकसष्ट गाढवांची. एकाने तर दिसायला छान म्हणून रुंद अलॉय घ्यायला सांगितलंय. तो गाडी शर्यतीला नेणार आहे की वरातीला?

बत्तीस वर्षं मी टायर विकतोय आणि माझी मुलगी नाशिक-नागपूरच्या अनोळखी माणसांना विचारते. आता यात तुझी चूक काही नाही म्हणा. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि पूर्वी उचलायचीस तेव्हा मी दुसऱ्याच वाक्याला ओरडायचो, असं तुझी आई म्हणते. म्हणून पत्र. कागदावर ओरडता येत नाही, फार तर अक्षर मोठं होतं.

तर रिम. अलॉय दगडावर आपटलं की तडकतं. लोखंडी आपटलं की वाकतं. वाकलेलं हातोड्याने ठोकून, त्यावरच घरी येता येतं. तडकलेलं असलं की ट्रॅक्टरला दोरी बांधून यावं लागतं.

ट्रॅक्टरचं नाव काढायला नको होतं. पण खोडत नाही, खोडलेलं जास्त दिसतं.

जुने लोखंडी रिम तिकडे पुण्यात भंगारवाल्याकडेही मिळतील. सपाट फरशीवर ठेवून फिरव, डुगडुगलं तर घेऊ नकोस. टायरला मात्र दहा दिवस थांब. बावीस तारखेपासून टायरवरचा कर अठ्ठावीसवरून अठरावर येतोय. दुकानदार असून गिऱ्हाइकाला थांब म्हणतोय, आमच्या संघटनेत कळलं तर मला वाळीत टाकतील.

जिप्सी तू विकली असशील असं मला वाटत होतं. विकली नाहीस हे वाचून बरं वाटलं. का बरं वाटलं ते विचारू नकोस.

आई बरी आहे, गुडघा सोडून.

तुझा
अप्पा


सात रस्ता, सोलापूर
२४ सप्टेंबर २०२५

चि. अक्षता,

तुझं उत्तर आलं नाही. यायला पाहिजे असं काही नाही. पण काल जेवताना तुझी आई भाकरी वाढत म्हणाली, "तुमच्या लेकीनं लोखंडी रिम घेतल्यात म्हणं." मी मान हलवली आणि वरण वरपलं. आज सकाळी एका गिऱ्हाइकाला दोन व्हॉल्व फुकट दिले. संध्याकाळी आई म्हणाली, "लई हसू नका. रिम घेतल्यात तिनं, तुमास्नी माफ न्हाय केलं." बत्तीस वर्षांच्या संसारात ही बाई एकदाही चुकली नाही, हाच तिचा दोष.

आता टायर. मोठमोठ्या नक्षीचे चिखलाचे टायर घ्यावेत असं तुला तिथे पंधरा जणांनी सांगितलंय. डिसेंबरात टेंभुर्णीच्या माळावर चिखल कुठून येणार? तिथे मुरूम, सुटे दगड आणि ओढ्यातली वाळू. चिखलाचा टायर महाग आणि जड. जिप्सीचं इंजिन केवढं? शेळीच्या मानेवर बैलाचं जू ठेवल्यासारखं होईल. मधल्या नक्षीचे, रस्ता आणि माळ दोन्हीवर चालणारे घे. ते बरेच स्वस्त पडतात. आणि रुंदीचा हव्यास नको. गाडीला कंपनीने दिलं त्याहून जरासं मोठं, बस्स. अरुंद टायर मुरुमात खाली जाऊन धरतो, रुंद वरच्या वर घसरत बसतो.

विकत घेताना बाजूच्या भिंतीवर चार आकडे शोध. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. काळं पॉलिश लावून सहा वर्षांचा टायर नवा म्हणून विकणारी माणसं आमच्या धंद्यात आहेत. मी त्यातला नाही. निदान टायरच्या बाबतीत नाही.

जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले रिमोल्ड घेऊ नकोस. मी स्वतः विकतो म्हणून सांगतो. ट्रकला, सरळ रस्त्याला उत्तम. पण हवा कमी करून दगडावर चढायचं म्हटलं की वर चिकटवलेली पट्टी सुटायला बघते.

हवेचा विषय आला. आज तो नको.

टेंभुर्णीत राजशेखर म्हणून माझा एक जुना माणूस आहे. लोक नवी गाडी घेतात आणि शान म्हणून आठवड्यात तिची चाकं बदलतात. उतरवलेले कोरे टायर हा निम्म्या भावात विकतो. येत्या रविवारी एसटीने जाऊन बघून येईन. तू सांगितलेलं नाहीस, मीच जातोय. घ्यायचे की नाही ते तुझ्यावर.

अप्पा


सात रस्ता, सोलापूर
५ ऑक्टोबर २०२५

चि. अक्षता,

आज सल्ला नाही.

बुधवारी खंडेनवमी झाली. तुला ठाऊक आहे आपल्या दुकानात कसं असतं ते. जॅक, पाने, पहारी, हातोडा, सगळं धुऊन पाटावर, कॉम्प्रेसरला हार, सगळ्याला विभूतीची बोटं. लहानपणी विभूती लावायचं काम तुझं असायचं आणि तू माझ्या टकलालाही लावायचीस. यंदा आईचा गुडघा जरा हलका होता म्हणून ती नैवेद्य घेऊन स्वतः दुकानात आली. पाटावर नजर फिरवली आणि म्हणाली, "काटा कुटं हाय?"

हवा मोजायचा काटा. पितळेचा, दुकान उघडलं त्या दिवशी घेतलेला.

मी म्हटलं, "बिघडलाय."

"मग टाकला का न्हाय? हितं खिळ्याला तर टांगलाय की. गेल्या साली बी पूजेत नव्हता, मी फोटोत बघितलं."

मी कॉम्प्रेसरचा हार सारखा करायला लागलो. ती तिथे टायरच्या चळतीवर बसली, उठेना. मग मी तिला सांगितलं. ऐकून तिने ताट उचललं आणि रिक्षाने घरी गेली. चार दिवस वाढते, पण बोलत नाही. काल फक्त एवढं म्हणाली, "मला सांगून काय उपेग? जिला सांगायचं तिला सांगा."

तर सांगतो. पावणेदोन वर्षांपूर्वी कुंभारीच्या शर्यतीत तुझ्या टायरमध्ये अठरा पौंड हवा नव्हती. पंचेचाळीस होती. मीच भरली होती.

सकाळी सहा वाजता दुकानात तू दोन चहा घेऊन आलीस. "अप्पा, किती ठेवलीत?" म्हणालीस. मी म्हटलं, "अठरा. आता हात लावू नको." तू हात लावला नाहीस. टायरवाल्याची लेक, बापाने भरलेली हवा कशाला तपासेल? मला ते माहीत होतं, म्हणून तर जमलं.

पुढचं तू पाहिलंस. दगडासारखे ताठ टायर, पहिल्याच मुरुमाच्या चढावर जागच्या जागी फिरत राहिले. चार मिनिटांत शर्यत संपली. ट्रॅक्टरने ओढून काढलं, माणसं हसली, आणि मी, तुझा बाप, त्या माणसांत उभा राहून म्हणालो, "सांगितलं हुतं की, बायकांचं काम न्हाय हे." तेवढं तू ऐकलंस आणि तेवढ्यावरून माझ्याशी बोलणं सोडलंस. त्याच्या आधीचं तुला माहीत नव्हतं.

त्याच्या नंतरचंही नाही. तू रडत होतीस तेव्हा मी "गाडी धुऊन आणतो" म्हणून घेऊन गेलो. वाटेत थांबून चारही टायरमधली हवा अठरावर आणली. तू काटा लावून बघशील म्हणून. भरताना घाबरलो होतो असं म्हणता येईल. काढताना मी घाबरलेलो नव्हतो, चांगलं मोजून काढली. मला ते जास्त लागतं.

का केलं? अपघाताच्या गाड्यांची चाकं लोक माझ्याकडे विकायला आणतात. महिन्यात एखादी तरी जोडी येते. रिमच्या आत माती असते, कधी काचेचा चुरा. मी घरी कधी बोललो नाही. तू हेल्मेट घालून आरशात बघत होतीस आणि मला ती चाकं दिसत होती. तू पहिल्याच चढावर अडकलीस तर सुखरूप घरी येशील, एवढाच हिशेब केला.

पण नुसती भीती असती तर सरळ नको म्हणालो असतो. मी नको म्हटलं असतं तरी तू गेली असतीस, आणि लेक ऐकत नाही असा बाप मला चारचौघांत व्हायचं नव्हतं. अक्कलकोटचे पाहुणे त्याच आठवड्यात तुला बघायला येणार होते, तेही डोक्यात होतं. तू हरावीस असं मला वाटत होतं. खरं तेच आहे.

मला फार लाज वाटते, अक्षता. माफ कर असं लिहिणार होतो, पण ते मागायचा अजून मला हक्क नाही. तुला एकच सांगायचंय. तुला गाडी चालवता येते. त्या दिवशीही येत होती.

अप्पा


सात रस्ता, सोलापूर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षता,

आईने तुझा निरोप दिला. "अप्पांना सांग, शर्यतीला यायचं नाही." येणार नाही. मांडवाच्या मागे उभा राहून चोरून बघणार नाही, संगमेशला व्हिडिओ काढायलाही पाठवणार नाही. त्याने विचारलं होतं. मी नको म्हटलं.

आणखी एक गोष्ट आईने सांगितली. कुंभारीनंतर तू चौदा महिने स्टिअरिंगला हात लावला नाहीस. जिप्सी ताडपत्रीखाली आणि तू ऑफिसला बसने. "माझ्या हातातच न्हाय ते," असं तू तिला म्हणायचीस आणि तिने मला सांगायचं नाही अशी शपथ घातली होतीस. मी इकडे समजत होतो की पोरगी माझ्यावर रागावलीय, आज ना उद्या निवळेल. तू माझ्यावर नाही, स्वतःवर रागावून बसली होतीस. माझ्या पंचेचाळीस पौंडांचं ओझं तू चौदा महिने वाहिलंस. हे कळल्यापासून मी दुकानात हवा भरायला दुसऱ्या कुणाला तरी सांगतो.

टायर मिळाले. राजशेखरकडे तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा सात दाखवले, त्यातल्या चार टायरांत आत ठिगळ होतं. पुढच्या वेळी चार मिळाले, पण एकाच्या भिंतीला नखाएवढी चीर. भिंतीची चीर जोडता येत नाही, कुणी जोडून देतो म्हणाला तर त्याच्या दुकानातून बाहेर पड. तिसऱ्या खेपेला एका कंत्राटदाराच्या कोऱ्या गाडीवरून उतरवलेले पाच मिळाले. पाचही एकाच आठवड्यात बनलेले, अकरा महिन्यांचे, रबराचे केससुद्धा शाबूत. रिम धरून तुझ्या चाळीस हजारांच्या आत बसतंय. पैसे तू राजशेखरलाच दे, मी मध्ये नाही. नको असले तर परत पाठव, तो घेईल, तसं बोललोय.

उद्याच्या ट्रान्सपोर्टने पाठवतोय. संगमेश म्हणाला, "काका, रिम मागवून घ्या की, बसवूनच द्या, तुमच्यासारखं कोण बसवणार?" खरं आहे, माझ्यासारखं पुण्यात कुणी बसवणार नाही. पण बसवले की हवा भरावी लागते. माझ्या हातची हवा तुला पाठवायची नाही. टायर नुसते येतील, ओळखीच्या दुकानात समोर उभी राहून बसवून घे.

काटा स्वतःचा घे. दोन घे, आणि दोन्ही सारखं दाखवतात का बघ. बापाचा शब्द म्हणजे काटा नव्हे.

किती ठेवायची ते मी लिहिणार नाही. आकडा ओठांवर आहे, पण लिहिणार नाही. कसं ठरवायचं ते लिहितो. माळावर गेल्यावर थोडी काढ, शंभर पावलं चालव, उतरून टायर जमिनीवर किती बसतोय ते बघ. मुठीने दाब. परत थोडी काढ, परत चालव. गाडी दगडावर आदळायची थांबून दगड पोटात घ्यायला लागली की तू पोचलीस. ते सीटला कळतं, आणि सीटवर तू असणार.

नोडव्वा, बघ पोरी, पट्टा मात्र घट्ट बांध. एवढं सांगायचा हक्क मी कुणाला विचारणार नाही.

अप्पा


टेंभुर्णी
१४ डिसेंबर २०२५, दुपारी चार

अप्पा,

हे शर्यतीच्या नियमांच्या कागदामागे लिहितेय. हमरस्त्याच्या हॉटेलात बसलेय, समोर तिसरा चहा आहे. तुमच्यासारखं लिहायला मला येत नाही.

तुमचं ऑक्टोबरचं पत्र वाचून मी ऑफिसात अर्धी रजा टाकली आणि ताडपत्री धुतली. दुसरं काही सुचलं नाही. दोन दिवस ती धूतच होते. टायर आले तेव्हा आठ दिवस जिन्याखाली पडून होते, दोनदा ठरवलं परत पाठवायचे. मग पैसे द्यायला राजशेखरकाकांना फोन केला. ते म्हणाले, "तुमचं अप्पा एकेक टायरच्या आत हात घालून दोन-दोन तास बसलं हुतं. जेवलं बी न्हाईत. असलं गिऱ्हाईक पुन्हा धाडू नका ताई, लई तरास." मग बसवून घेतले.

काटे दोन घेतले. दोन्हींत एका पौंडाचा फरक. कुणाचं धरायचं ते मी ठरवलं. शंभर पावलं, उतर, दाब, काढ. लोक बघत होते. सोळावर सीट गप्प झाली. तुमच्या ओठांवरचा आकडा कोणता होता ते सांगू नका.

पहिला चढ कुंभारीसारखाच होता. पायथ्याशी क्लच दोनदा सुटला. मग गाडी वर गेली, अप्पा. नुसती गेली. टायरांनी मुरूम धरला आणि मला वर नेऊन ठेवलं, आणि मी वर पोचून अशी ओरडले की शेजारच्या गाडीचा माणूस काय झालं म्हणून धावत आला. दुसरा चढही झाला. वाळू झाली.

तिसऱ्या चढावर मधोमध मी पाय काढला. टायर धरून होते, हवा बरोबर होती, रस्ता सरळ होता. मला खाली दरड दिसली, मी घाबरले आणि पाय काढला. गाडी मागे घसरली, मागचं चाक चरात गेलं. ट्रॅक्टर बोलवावा लागला. बावीस गाड्यांत सोळावी आले.

दोरी बांधताना मागून कुणीतरी म्हणालंच, बायकांचं काम नाही म्हणून. मी मान वळवून बघितलं. तुम्ही नव्हता. तुम्ही नाही हे मला आधीच माहीत होतं, तरी बघितलं. त्या माणसाला म्हटलं, "काम माझंच हाय. चूक बी माझीच हाय."

राग गेलेला नाही. हवा परत काढलीत त्याचा तर फारच आहे. तो किती दिवस राहील सांगता येत नाही, तुम्ही घाई करू नका. पण आज मी हरले, अप्पा. मीच हरले, माझ्या पायाने. जवळजवळ दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. हॉटेलातून निघाले की पुण्याकडे न जाता सोलापूरकडे वळणार आहे. इथल्या पंपावर तुमच्या दुकानापर्यंत पुरेल एवढीच हवा भरलीय. पुण्यापर्यंतची तुम्ही भरा, दुसऱ्या कुणाला सांगू नका.

मी काटा घेऊन शेजारी उभी राहीन. प्रत्येक चाक तपासणार आहे, वाईट वाटून घेऊ नका.

अक्षता